सावलीतला तुकडा

मनाउरेच्या मिठागरात
उजाडायच्या आत पोचते तुलिया एपिएयू.
जमातीचं नाव वायू,
आणि तिच्याही आधी कामावर हजर असतो तो वाराच.

गालांना ती काळा लेप लावते,
बुरशीची पूड, बकरीची चरबी,
आईनं दाखवलेल्या मापानं.
डोळ्यांना काय लावणार?
डोळे उघडे ठेवूनच फावडं मारावं लागतं.

तीस वर्षं पांढऱ्यावर पांढरं बघून
नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालं काहीतरी,
गुलाबी, तीनकोनी,
बारीक लाल शिरांचं,
माशीच्या पंखासारखं.
आधी नुसतं खुपायचं.
मग बुबुळावर चढलं,
आणि तिच्या सतरा बकऱ्या
कधी अठरा भरू लागल्या, कधी वीस.

शेजारीण म्हणाली, मांस वाढलंय, मध घाल.
घातला.
माश्या आल्या. पंख तसाच.

रिओआचाच्या दवाखान्यात
डॉक्टर ब्रुखेस स्पॅनिशमधून सांगतात,
लेक योर्लेइदा आपल्या बोलीत उतरवते.

नुसतं कापून काढता येईल.
पण जागा उघडी राहते,
आणि उघड्या जागेवर तेच परत येतं,
पहिल्यापेक्षा चिवट.

हे तुलियाला लेकीनं सांगायच्या आधीच कळलं.
उघड्या जागेवर कोण येतं
ते तिनं मिठाच्या कंपनीकडून शिकलंय.

परत येऊ नये म्हणून एक औषध आहे.
जपून लावावं लागतं.
जास्त झालं तर डोळ्याचं पांढरंच झिजतं.

नाहीतर बाळाभोवतीची पिशवी असते ना,
तिचा पातळ पदर लावतात वरून.
इथे तुलिया पहिल्यांदा बोलली:
ज्या बाईची ती, तिला विचारता का?
विचारतो, डॉक्टर म्हणाल्या. सही घेतो.
तुलियानं मान हलवली,
होकार की नकार, लेकीलाही कळलं नाही.

नाहीतर तुमचाच तुकडा.
वरच्या पापणीखालचा.
तिथे ऊन कधी पोचलेलं नाही.

तुलिया हसली, पदर नाही, हातच लावला तोंडाला.
माझ्या अंगावर
अशी जागा आहे?

आहे. नखाएवढी.
तिथून उचलायचा, इथे बसवायचा.
टाके घातले तर खुपतील आठवडाभर,
गोंदानं चिकटवला तर खुपणार नाही.
गोंद महाग आहे.

डोळा जागाच होता सगळा वेळ.
दिव्याचा गोळा, पाण्याआड हलणारी बोटं,
आणि कुठेतरी एक पापुद्रा
जन्मात पहिल्यांदा उजेडात आला,
पलीकडे जायला.

दोन महिने मीठ बंद, डॉक्टर म्हणाल्या.
जेवणातलं? योर्लेइदानं विचारलं.
मिठागरातलं.

आता तिच्या डोळ्यांवर
जावयाचा मोटरसायकलचा काळा चष्मा,
वर रुंद काठाची टोपी.
कुंपणाशी उभी राहून मोजते.
सोळा.
पुन्हा मोजते.
सोळाच.

सतरावी गोंदात गेली.