खोकला

मत विचारलंत म्हणून सांगतो,
नसतं विचारलंत तरी सांगितलंच असतं:
रॉकवाल्यांची पहिली तबकडी विकत घ्यावी,
दुसरी उसनी आणावी,
तिसरीत व्हायोलिनं घुसतात,
ती त्यांच्या सासरच्यांनी ऐकावी.

अकरा मिनिटांचं गिटार म्हणजे
लग्नात भेटलेला, जरा चढलेला मेहुणा.
लष्करातल्या गोष्टी सांगतोय
आणि आपली बाही सोडत नाही.

टेओफिलला हे पटत नाही.
तो गिटारवाला माणूस.
झाब्झेच्या खाणीत एकोणतीस वर्षं
आम्ही एकाच पाळीत उतरलो, एकाच पिंजऱ्यातून,
आणि तळ लागेपर्यंत तो मला
झुरावी बँडचा ड्रमर समजावून द्यायचा.
अंधारात त्याचे दात तेवढे दिसायचे.
मी म्हणायचो, अरे तो वाजवत नाही,
फ्रिज घेऊन जिना उतरतोय.

माझा माणूस इझिडोर पेर्लिक. सॅक्सोफोन.
सूर लावण्याआधी तो थांबतो,
दाराशी आलेला माणूस
खिशात किल्ली चाचपतो, तेवढाच.
ज्याला हे थांबणं ऐकू येत नाही
त्याच्याशी मी पत्ते खेळतो,
गप्पा मारत नाही.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत
आमच्या खाणकामगारांच्या सभागृहात पेर्लिक वाजला,
चौघे जण, एकच हीटर.
त्याची तबकडी निघाली.
दुसरी बाजू, बास एकटाच चालतोय,
आणि चौथ्या मिनिटाला
एक खोकला.
कोरडा, दोन ठोक्यांचा, नेमका समेवर.

तो खोकला माझा आहे.
टेओफिल म्हणतो, त्याचा.
(गिटारवाल्याचं तिथं काय काम?
तिकीट मीच काढलं होतं त्याचं, हे कबूल.)

एकोणपन्नास वर्षं हा दावा चालू आहे.
बारशात, नाताळात, संपाच्या दिवसांत फाटकाशी.
माझ्या ब्रोन्याला पुरून आलो त्या दुपारी
सूप समोर निवत होतं,
कुणाला काही बोलायचं सुचत नव्हतं,
तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला,
पण खोकला माझाच.
दिवसभरात तेवढंच एक वाक्य मला कळलं.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली.
मूळ फितीवरून, संगणकानं घासूनपुसून.
जाड पुठ्ठा, आत पुस्तिका,
लिहिणारा पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता,
'निखळ' हा शब्द त्यानं सात वेळा वापरलाय, मी मोजले.
सुई टेकवली.
बास निघाला.
चौथं मिनिट आलं
आणि गेलं.

टेओफिलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
जन्मात पहिल्यांदा एका तबकडीवर आमचं एकमत झालं.
ते इथं उच्चारता येण्यासारखं नाही.

लिहून घ्या, हे माझं शेवटचं मत नाही, पण पक्कं आहे:
इतका स्वच्छ आवाज
घर विकायला काढल्यावर येतो.
खुर्ची कुरकुरू दे.
बासवाल्याच्या नाकातून वारा वाहू दे.
कुणीतरी तिथं होतं, ओल्या कोटात,
दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी असून आलं होतं,
हे पुसायचा पगार कोण देतं?

सुई मागे घेतली. पुन्हा बास.
टेओफिलच्या छातीत आता खाण उतरली आहे,
डॉक्टर तिला लॅटिन नावानं हाक मारतात.
चौथं मिनिट जवळ आलं
तसा तो खुर्चीत सरळ झाला
आणि खोकला.
दोनदा नाही. नऊदा, दहादा,
बास संपला, पेर्लिक परत आला,
टाळ्या पडल्या, तरी खोकतच होता.

मी पाणी आणलं.
डोळे पुसत तो म्हणाला,
'ऐकलंस? तोच.'

'समेवर नव्हता,' मी म्हणालो.
'माझा समेवर होता.'

त्यानं ग्लास खाली ठेवला,
बोट फिरवून दाखवलं:
पुन्हा लाव.