अकरा वेळा टक्

कुबल सेक्रेटरी सीपीयू घेऊन आले
स्कूटरवर, दोन पायांत धरून,
जुन्या जाळ्यात गुंडाळलेला.
"आवाज येतो," म्हणाले.
कसा?
"येतो म्हणजे येतो. घशात काटा अडकल्यासारखा."

वेंगुर्ल्यात आवाजांना नावं आहेत,
खाडीत शिरणाऱ्या पाण्याला,
रात्री दोनला सुटणाऱ्या लाँचला,
बंदरावरच्या प्रत्येक वाऱ्याला वेगळं.
ह्याला अजून कुणी हाक मारली नव्हती.

म्हणून आधी बाकीच्यांना गप्प केलं.
दुकानाचा पंखा बंद. रस्त्याकडचं दार बंद.
सीपीयूच्या पंख्यात पेन्सिल घातली, तो थांबला.
पात्यांवर मीठ,
तळाशी पालीचं एक अंडं, रिकामं.
आवाज चालूच.
केबल बदलली. चालूच.
मग सप्लाय, कारण संध्याकाळी सातला
आमच्या बाजूचे दिवे विडीसारखे होतात
आणि उपाशी डिस्कही दार वाजवते.
पोटभर वीज दिली.
चालूच.
उरली ती एकटी, तळहाताएवढी,
सोसायटीची सोळा वर्षं पोटात घेऊन.

पास्कोल समोरच्या कट्ट्यावर बसतो.
लाँचची इंजिनं ऐकून ऐकून उजवा कान गेला,
डाव्याने अजून सांगतो कितवा सिलिंडर.
तो आला, माझाच स्क्रूड्रायव्हर उचलला,
टोक डिस्कच्या झाकणावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
"ह्यां ठोकणा नाय गो कुंदा.
ह्यां कायतरी सोधता हा."

मी मोजलं.
अकरा वेळा टक्. श्वासभर गप्प. पुन्हा अकरा.
वाचणारी सुई आत आपलं घर शोधते,
पहिल्या रेघेपाशी येते, ओळख पटत नाही,
भिंतीवर जाऊन आपटते, परत येते.
घरघर असती तर बेअरिंग म्हटलं असतं,
नुसती शिट्टी असती तर
महिनाभर तरी बोलता आलं असतं.

"परत एकदा लाव," पास्कोल म्हणाला, "नीट आयकतंय."
नाही म्हटलं.
इंजिनाला दहादा चालू करून विचारता येतं.
हिला विचारलं की ही
उत्तरातलाच तुकडा मोडून देते.
आता ऐकणं पुरे,
मिळेल ते उतरवून घ्यायचं.

रात्रभर बसले.
डिझेलच्या परताव्याच्या याद्या, खलाशांची कागदपत्रं,
कुणाच्या तरी बारशाचे फोटो, तेच चार-चार वेळा.
अडली तिथे रेंगाळू दिलं नाही,
पुढे नेली,
कठीण जागा शेवटाला ठेवल्या.
तीन चाळीसला अकराच्या जागी चारच टक् आले,
मग काही नाही.
कट्ट्यावर घोरणारा पास्कोल ताडकन उठून बसला.
समुद्रावर झोपायला शिकलेला माणूस,
आवाज थांबला की जागा होतो.

बर्फाचा दोन वर्षांचा हिशेब तेवढा आला नाही.
कुबलांना तसं सांगितलं.
ते फारसे हळहळले नाहीत.
चहा मागवला, स्वतःच्या पैशाने,
वर खारी.

नंतर मी ती उघडली.
आत आरसा.
आरशाच्या कडेला केसाएवढी गोल रेघ,
आणि खाली चिमूटभर काळी भुकटी.
बर्फाची बिलं असावीत.
फुंकणार होते, फुंकली नाही.

आरसा पास्कोलच्या रोझिनने मागून नेला,
सुकत घातलेल्या बांगड्यांवर दोरीने टांगला.
कावळे दोन दिवस घाबरले.
वारा आला की तो बांबूवर आपटतो.
काल तिथे उभी राहून मोजत होते.
सात. तीन. मग एकदम चौदा.
आता काहीच शोधत नाही तो, नुसता वाजतो,
हे मला कळत होतं,
तरी हात स्विच चाचपत होता हवेत.