पाच आणि सहाच्या मध्ये

व्हीबके नळी घेऊन येते तेव्हा
आधी वास येतो, मग ती.
वार्नेम्युंडच्या धक्क्यावर हेरिंग उतरवतात,
त्या पहाटेचा वास.
मी म्हणतो, बापाच्या नावेवरून थेट इथे?
ती म्हणते, पिपेरिडीन आहे, डुर्कोप.
आणि नाव विकून चार वर्षं झाली.

मी चुंबक सांभाळतो. हेलियम भरतो.
भिंत पडायच्या आदल्या वर्षी लागलो,
देश बदलला, चुंबक तीनदा बदललं,
खुर्ची तीच.

तिचं काम शाळेतल्या पोरालाही सांगता येईल:
इकडे अमाइन, तिकडे दुहेरी बंध,
एकाला दुसऱ्यात जोडायचं
आणि मागे केरकचरा उरू द्यायचा नाही,
एक अणूही नाही.
कागदावर एवढासा बाण.
त्या बाणावर माणसांची उमेदीची वर्षं गेलीत.

कारण नायट्रोजनच्या ओंजळीत इलेक्ट्रॉनांची जोडी,
आणि दुहेरी बंधाची कोठारंही त्याच धान्याने भरलेली.
दोघंही देणारे. घेणारं कुणी नाही.
उंबऱ्याशीच थांबून नमस्कार करतात
आणि आपापल्या वाटेने जातात.
तापवा म्हणाल, तर फार तापवलं की
जुळलेलंही सुटतं.
म्हणून मध्ये धातू लागतो,
एकाचा हात धरायला
आणि वेळेवर सोडायला.
धरणारे पुष्कळ.
टायटॅनियम तर हवेचा श्वास लागला तरी रुसतो.
सोडता येणारा
ती तीन हिवाळे शोधते आहे.

पडद्यावर, पाच आणि सहाच्या मध्ये,
दुहेरी बंधाची शिखरं.
अजून आहेत?
आहेत.
एवढंच आमचं रोजचं बोलणं.

नोव्हेंबरात तिने अमाइन बदललं.
सल्फोनामाइड घेतलं, बिनवासाचं, मवाळ,
आणि बिस्मथचं एक मीठ.
पाच आणि सहाच्या मध्ये
सपाट रेघ,
वार्नो गोठल्यावर दिसते तशी.
एक्याण्णव टक्के!
तिने माझ्या टकलाचा मुका घेतला.
टेस्मर बाईंनी खसखशीचा केक आणला,
निबंधाचं शीर्षकही त्याच टेबलावर ठरलं.

चौथ्या रात्री, अकराच्या सुमाराला,
ती दोन नळ्या घेऊन आली. क आणि ख.
क सपाट.
यात काय आहे?
आम्ल, सुईच्या टोकाएवढं. धातू नाही.
ख मध्ये बिस्मथ होतं,
आणि सोबत एक जाडजूड आम्लारी:
धातूला शिवायला स्वतःचं अंगच आड येतं,
सुटा प्रोटॉन तेवढा उचलता येतो.
ख मध्ये शिखरं.
ताठ उभी.

बराच वेळ आम्ही पंपाचा आवाज ऐकला.
म्हणजे बिस्मथ नुसतं मांडवात मिरवत होतं.
लग्न लावलं ते मिठातून निसटलेल्या
एका प्रोटॉनने,
ज्याचं पत्रिकेत नावही नव्हतं.

हे तपासलं नसतंस तर? मी विचारलं.
मला जुनी सवय आहे:
वरच्यांना हवा तो आकडा, खाली सही.
तशा माझ्या सह्या तळघरातल्या दोन वह्यांत
अजून आहेत.
ती म्हणाली, तुम्हाला दिसलंच असतं.
नसतं दिसलं.
नळीत काय झालं ते मला दिसतं,
कुणी केलं ते नाही.
पण हे मी बोललो नाही.

सकाळी टेस्मर बाईंच्या दारामागे
ती तासभर होती.
केकचे दोन तुकडे फ्रीजमध्ये उरलेले.
आठवड्याने मीच खाल्ले, वाळले होते.

आज सोमवार. जिन्यावर वास,
तोच, हेरिंगचा.
ऱ्होडियम, ती म्हणते, लिगंड नवा.
मी नळी चुंबकात सोडतो.
पाच आणि सहाच्या मध्ये
शिखरं आहेत.
किंचित बुटकी?
की चश्मा पुसायला हवा?
पुन्हा लावा, ती म्हणते,
आणि कोट न काढताच बसते.