पंधरा नंबर

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत, तळघरातलं ते जुनं यंत्र
आज रात्री बाराच्या आत बंद करायचं होतं.
यादी मागवली: कोण कोण जागं आहे?
माझीच दोन टर्मिनलं, बॅकअपचं नेहमीचं,
आणि एक सेशन, हानुसचं.
सोडून दिलेलं. चालू.
अकराशे चार दिवस.

हानुसला जाऊन दोन हिवाळे झाले.

जोडून घेतलं.
काळा पडदा उघडला. कोणी दिवा न मालवता
नुसतं दार ओढून जावं, तसं आत सगळं.
दर दहा मिनिटांनी त्याचा प्रोग्राम
धक्क्यावरच्या भरती-मापकाला विचारत होता, पाणी किती?
धक्का पाडला गेल्या वर्षी. मापक भंगारात गेलं.
तरी विचारतोय.
उत्तर नाही, असं इमानाने लिहितोय
आणि पुन्हा दहा मिनिटं झोपतोय.

त्याच्या पोटची तीन मेलेली पोरंही यादीत होती.
बापाने एकदा "गेलं का रे?" म्हणून विचारल्याशिवाय
इथे कोणाचं नाव पुसत नाहीत.
आणि बापच गेला, तर पोरं एक नंबर पदरात घेतो.
(हानुसची मांजर मी घेतली. चावते.)

वरून टोराचा फोन. "झालं का? शेवटची बोट चुकेल."
बोटं सवयीने नऊवर गेली.
नऊ कानावर पडत नाही,
थेट मानेवरच पडतो.
खोडलं. पंधरा लिहिलं.
पंधरा म्हणजे दारावर टकटक,
आवरून घे, निघायचंय.

काहीच झालं नाही.
मग आठवलं, तो झोपलाय.
निरोप उशाशी ठेवलाय, उठल्यावर वाचेल.
टोराला म्हटलं, तू जा, मी सकाळच्या बोटीने येते.
बसले. वाटाण्याचं थंड सूप डब्यातूनच प्यायले.
सात मिनिटं. पाय गरम, बोटं गार.

अकरा एक्कावन्नला तो उठला.
फाईल मिटली, कुलूप काढलं, तात्पुरता पसारा पुसला,
हे सगळं हानुसने कधीतरी आधीच लिहून ठेवलेलं.
यादीतली ती तीन नावंही गेली.
आणि सगळ्यात खाली एक ओळ उमटली:

"राण्वा असशील तर हीटर बंद कर. विसरतेस."

खाली पाहिलं.
टेबलाखाली, माझ्या बुटांपाशी,
लाल.