एक उकार

म्हापणकरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात.
ठाकूरद्वारच्या प्रेसमध्ये ते फक्त मला लागायचं,
म्हणून दर बुधवारी त्यांचं ‘नव्या तबकड्या’
माझ्याच स्टिकमध्ये जुळायचं.

साल त्र्याऐंशी. मुसाफिरखान्यातून
जपानी कीबोर्ड बगलेत मारून पोरं घरी येत होती
आणि म्हापणकर दर आठवड्याला एकेकाची सालटी काढत होते:
‘हा वाद्यवृंद नव्हे, हे शिवणयंत्र.’
‘गायिका फ्रिजमध्ये बसून गाते.’
‘एकही मात्रा चुकत नाही, हीच मोठी चूक.’

मात्रा मला ठाऊक. माझ्या खणात त्या ढिगाने,
टोकं मोडलेल्या, शाईने आंधळ्या.
एक निसटली की ‘मेळ’चा ‘मळ’ होतो.
त्यांच्या मात्रा वेगळ्या. जागाही वेगळ्या:
त्यांना गळ्यातून हव्या,
मला दोन शब्दांच्या मध्ये.

मग माहीमच्या रिबेलो भावंडांची तबकडी आली.
फिलोमिना गाते, ऑस्कर बटणं दाबतो.
घरच्या पैशांनी काढलेली, चार मिनिटांची,
वेष्टणावर मोरीच्या टाइल्ससमोर उभे दोघं.
मी मजकूर न्यायला वर गेलो तेव्हा ती फिरत होती.
म्हापणकर डोळे मिटून, दाढ ठणकत असल्यासारखे.
मी दारात.
टुक टुक टुक, खाली एक जाड घुमारा,
आणि त्यावर तिचा आवाज, सपाट,
जणू रात्रपाळीहून येऊन कुणी
चपला न काढताच पलंगावर बसलंय.

मला ते ओळखीचं वाटलं. यात माझी कसली हुशारी?
वीस वर्षं ट्रेडलच्या ठेक्यावर काढली,
त्याच ठेक्यावर मुलीच्या तापाचे दिवस मोजले,
दुबईला गेलेल्या भावाच्या पत्राची वाट पाहिली.
यंत्रापाशी उभ्या माणसाला रडू येत नाही
हे म्हापणकरांना कोणी सांगितलं?

मजकूर हातात आला. शेवटची ओळ:
‘श्वास नाही, घाम नाही.
हे गाणे वर्षभरात मरेल.’

मी ‘म’ उचलला.
बोटं पुढच्या खणाशी थोडी थांबली.
आता वय झालं, सांगून टाकतो, थांबली होती.
प्रूफं तपासणारे नाबर त्या दिवशी
मेव्हण्याकडे बारशाला गेलेले.

गुरुवारी छापून आलं:
‘श्वास नाही, घाम नाही.
हे गाणे वर्षभरात मुरेल.’

शनिवारी ऑस्कर रिबेलो डब्यात बिबिंका घेऊन हजर.
म्हणाला, ‘मुरेल म्हणजे लोणच्यासारखं, ना अंकल?
शेजारच्या काकूंनी मम्मीला वाचून दाखवलं. दोनदा.’

तो गेल्यावर म्हापणकर जिना उतरून खाली आले.
माझ्या काळ्या बोटांकडे पाहत राहिले.
‘उकार कुणाचा?’
‘खण मिसळला होता, साहेब.’
‘मिसळला,’ ते म्हणाले.
बिबिंकेचा एक तुकडा
कालच्या रद्द प्रूफावर ठेवून माझ्यापुढे सरकवला.
शुद्धिपत्र काही मागितलं नाही.

पण पुढच्या बुधवारपासून
जिथे जिथे ‘मरेल’ लिहायचे
तिथे ते ‘टिकणार नाही’ लिहू लागले.