मुद्रितशोधन

घनकर गल्लीतल्या छापखान्यात
एकतीस वर्षं तू लोकांच्या चुका वाचल्यास, नलू.
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
आणि सगळ्यात जास्त, दहाव्याची कार्डं.
घरी यायचीस तेव्हा बोटं लाल.
मी विचारायचो, आज किती गेले?
चार, म्हणायचीस. त्यातले दोन ऱ्हस्व.

'दुःखद'मधल्या विसर्गावरून
तू आधी जुळाऱ्यांशी भांडलीस,
खिळे गेले, मग संगणकावरच्या वसीमशी.
ही दोन टिंबं नाहीत रे, श्वास आहे तो.
ख म्हणायच्या आधी छातीतून थोडी हवा जाते.
म्हणून बघ, मग छाप.
आणि तो बिचारा चालू मशीनच्या आवाजात
मोठ्याने म्हणायचा, दुःख. दुःख.

तुझं कार्ड पुतण्याने मोबाइलवरून दिलं, दुसरीकडे.
दीडशे प्रती.
विसर्गाच्या जागी दोन टिंबं, सुटी सुटी,
पुढे काहीतरी यादी येणार असल्यासारखी.
तोवर मी रडलो नव्हतो.
तेव्हाही नाही. लाल पेन शोधत राहिलो.

वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायचो ते
तू वाचायचीस आणि आधी 'आभाळ' काढायचीस.
फुकट आलंय, म्हणायचीस.
आता लिहायला बसलो की आभाळ येतं, नदी येते,
समई येते, सगळे भेटायला आल्यासारखे
सतरंजीवर बसतात, घसा खाकरतात.
तू तेवढी येत नाहीस.
'नलू हसते' असं लिहिलं. खोडलं.
'नलू हसायची.'
वाक्य बरोबर आहे. कुठेच लाल नाही.
इतकं बरोबर वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

पुतण्या रोज फोन करतो. काका, कसं आहे?
पुराचं विचारावं तसं विचारतो,
म्हणून मीही तसंच सांगतो,
दुतोंड्याच्या गुडघ्याला. कधी कमरेला.
तुझ्या चष्म्याच्या घरात शालिमारची दोन तिकिटं निघाली,
एक तुझं, एक माझं, कुठल्या दिवशीची कोण जाणे,
तेव्हा गळ्याला लागलं होतं.
त्याला म्हटलं, ओसरतंय.

रामकुंडात अस्थींचं पाणी होतं म्हणतात, काही तासांत.
सगळ्यांना रिक्षात बसवून मी परत आलो
आणि पायरीवर थांबलो, घड्याळ बघत.
कपडे धुणाऱ्या बाईने विचारलं, कुणाची वाट बघताय?
वहीतली पानंही सोडायची होती. सोडली नाहीत.
जेलपेनची शाई पसरली असती,
तुला गिचमिड खपायची नाही.

दहाव्याला कावळा शिवेना.
एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला.
भाचीचं शिक्षण पुरं करू. गॅलरीतली तुळस वाळू देणार नाही.
अमेरिकेच्या आत्याला कळवू.
मी हळूच म्हटलं, नलू, विसर्ग दुरुस्त करतो.
उरलेल्या सगळ्या कार्डांवर. हाताने.
त्यामुळे शिवला असं मी म्हणणार नाही.
बराच वेळ गेला, ऊन चढलं,
गुरुजी दर्भाकडे बघायला लागले,
मग एक आला, जरा लंगडत,
भाताला चोच लावली न लावली
आणि सांडलेल्या पिठातून चालत गेला.

ओळीत काही राहून गेलं की तू तिथे
दोन रेघांची छोटी खूण करायचीस.
काकपद. शब्द तूच सांगितला होतास.
ओल्या पायरीवर तशा सात-आठ होत्या.
वाकून पाहिलं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

रात्री त्रेसष्ट कार्डं घेऊन बसलो.
चाळीस झाली. हात दुखला.
एक्केचाळिसाव्याला पेन खाली ठेवून
तू सांगायचीस तसं मोठ्याने म्हणून पाहिलं.
जाते, नलू.
थोडी हवा जाते.