बावीस वजा नऊ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले
तुराटी घेऊन.
तुराटीवर चाकूच्या तीन खाचा: घोटा, पोटरी, गुडघा.
पवना घोट्याच्या वर नव्हता.
मारवेल तर नुसती बातमीसारखी,
ऐकू येते, दिसत नाही.

घरी येऊन वही काढली.
बावीस ढोरं. एका तोंडाला दिवसाचं एवढं कुटार,
आषाढापर्यंत एवढे दिवस.
गुणाकार पानाबाहेर गेला.

मामंजी खाटेवरून म्हणाले,
"गवळ्याचं घर मोजत नसते, पोरी, चारत असते."
मी म्हटलं, मामंजी, मागच्या दुष्काळात
तुम्ही एक इकली नाही,
अठ्ठावीस घेऊन मेळघाटाकडं गेले.
परत किती आणल्या?
ते खाटेचं सुंभ चाचपत राहिले.

मग नऊ नावं काढली.
दोन वर्षं न फळलेली सावळी.
दात झिजलेली मथुरा.
चार गोऱ्हे, ज्यांना ट्रॅक्टर आल्यापासून
कोणी नांगराला विचारत नाही.
रतन, दुधाची, पण दुसरीच्या कासेला शिंग लावणारी.
आठवीला पेन थांबला.
नववी माझ्या माहेरची होती.

वरुडकडचा संत्रावाला आला.
त्याला झाडांसाठी शेण पाहिजे होतं
आणि त्याच्या विहिरीला पाणी होतं,
मी स्वतः जाऊन वाकून पाहिलं.
तेव्हा भाव होता.
अजून कोणी घाबरलं नव्हतं.

पैसे घरात एकच रात्र राहिले.
त्यांची ढेप झाली, छपराला लागेपर्यंत.
दिगांबर बंडी घेऊन मळणीयंत्रामागं
वावरावावरांतून फिरला,
जिथं सोयाबीनचं कुटार धुऱ्यावर पेटवणार होते.
"नेतं का? ने बाप्पा, तेवढंच वावर मोकळं."
अकरा बंड्या, शेणखताच्या बोलीवर.
ओढ्यापलीकडचा उतार मी बोराटीनं बंद केला.
गाव हसलं:
गवळ्याच्या घरी गवताला कुंपण!

चैत्रात आर्वीच्या बाजारात
ढोरं उभी, गिऱ्हाईक नाही.
नथ्थू खडके तीनदा गेला
आणि तीनदा त्याच जोडीमागं चालत परत आला.
आमच्या कढईत खोवा आटत होता,
कधी दोन किलो, कधी दीड.
नथ्थूला एक बंडी कुटार दिलं.
वहीत लिहिलं नाही.

जिंकलो असं काही वाटलं नाही.
संध्याकाळी मामंजी आखराकडं तोंड करून
अजून बावीस हाका मारतात.
तेरा येतात.
बाकीच्या नऊंसाठी ते थोडं थांबतात,
मग काठी आत घेतात.
याला वहीत रकाना नाही.

काल बोराटी सरकवून आत गेले.
वरून सगळं पिवळं, करपलेलं.
अंगठ्यानं पवन्याचं बुड उकरलं.
शिताएवढा पांढरा कोंब.
माती परत दाबली,
तुराटी तिथंच रोवली
आणि घाईनं उतरले,
धारेची वेळ झाली होती.